पी.पी. नंबर

मेहकरच्या कापड दुकानात, औषधाच्या दुकानात, चष्म्याच्या दुकानात, जिथं म्हणून बिल करणारा पोरगा मान वर न करता "काका, मोबाईल नंबर सांगा" म्हणायचा, तिथं आमचे घरमालक एकच प्रश्न विचारत. "कोणाचा?"

आता पोरगा मान वर करी. "तुमचा."

"कायले?"

"बिलावर टाका लागते."

"टाक मंग. दोन सात."

"पुढं?"

"पुढं काही नाही. सत्तावीस. तहसील कचेरीचा नंबर होता. तहसीलदाराले दोन आकडे पुरत होते, मले एका बनियनसाठी दहा कायले लागते बे?"

मग गल्ल्यावरून दुकानाचा मालक सुस्कारा सोडून म्हणे, "टाक माझाच." अशा रीतीनं गावातल्या अर्ध्या दुकानदारांना, स्वतःच्या दुकानातून स्वतःच बनियन घेतल्याबद्दल, स्वतःचेच आभाराचे मेसेज येत.

आमचे घरमालक टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटर साहेब म्हणत. नोकरीत असताना त्यांना कोणी साहेब म्हटलं असेल असं वाटत नाही; ही बढती गल्लीनं दिली होती. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खोली बघायला गेलो तेव्हा गावातल्या बाकीच्या घरमालकांनी विचारलं होतं ते, म्हणजे आडनाव काय, मटण खाता का, लग्न कधी करणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "फोनवर मोठ्यानं बोलता का?"

"नाही बहुतेक."

"बोलाचं असन तर गच्चीवर बोला. जिन्यात बोललेलं मले खाली ऐकू येते. ऐकू आलं की मंग ते सांभाळा लागते. आधीच लय सांभाळून ठेवलेलं हाये."

दारावर सागवानी पाटी होती, चांगली पॉलिश केलेली, आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ज्याले माहीत हाये त्याले पाटी लागत नाही. ज्याले माहीत नाही त्याले कायले सांगाचं?" मग पाटी तरी कशाला लावली, हे विचारायचं मी टाळलं. दाराला शोभा येते असं उत्तर मिळालं असतं आणि ते खरंही होतं.

घरोघरी डायल फिरवून बाहेरगावी बोलता यायच्या आधीच्या काळात गावातला प्रत्येक ट्रंक कॉल त्यांच्या हातून जात असे. खामगावचा कापसाचा भाव, मोडलेली सोयरीक, कोर्टाचा निकाल, कोणाचं तरी दवाखान्यात बरंवाईट. लाईन नीट लागली की नाही हे पाहण्यापुरतं ऑपरेटरला ऐकावंच लागतं आणि तेवढ्यातही माणसाला पुष्कळ कळतं. कळलं की ते कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तालुक्यातल्या गावाहून सासऱ्यांनी मुलाची चौकशी करायला अकोल्याच्या एका नातेवाइकाला फोन केला. तो कॉल जोडायला पाळी यांचीच होती. "हॅलो, ते मेहकरचं स्थळ कसं काय" एवढं ऐकलं आणि हे हेडफोन ठेवून चहा प्यायला बाहेर गेले.

"मग काय सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"मले काय मालूम? पोरगी देली म्हंजे बरंच सांगितलं असन. नाहीतर लाईन खराब असन."

मी त्यांना ओळखायला लागलो तोवर त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तिलाही शेवटपर्यंत त्यांनी ते विचारलं नव्हतं.

नंबर हा शब्द ते इतर लोक जसं घरातल्या वयात आलेल्या मुलीचं नाव घेतात तसा घेत, म्हणजे आवाज खाली आणून. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमचा नंबर घेऊन कोणी काय करणार आहे? तुमच्याकडे आहे काय चोरण्यासारखं? ते म्हणाले, "सर, तुम्ही बोलणारे लोक. मी मधात बसणारा. मधात बसणारा चांगला हाये का वाईट, हे बोलणाऱ्याले कधीच समजत नाही. मी चांगला होतो हे गावाचं नशीब." विनय हा त्यांचा विषय नव्हता.

त्यांचं सगळंच काही पटण्यासारखं नव्हतं. फोन बंद असला तरी ऐकतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यामुळं घरात नाजूक विषय निघाला की मोबाईल तांदळाच्या डब्यात जाई. नाजूक म्हणजे घरपट्टी, शेजाऱ्याची मोरी किंवा माझं न ठरणारं लग्न. एकदा तो डब्यात असतानाच वाजला. पत्र्याच्या डब्यानं ती घंटा अशी काही मोठी केली की समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एरवी मोबाईलची जागा भिंतीवर होती. जुना काळा फोन जिथं होता तिथंच, लाकडी खणात, दोरीला बांधून. पुण्याच्या पुतणीनं तो घेऊन दिला होता आणि महिन्यातून तीनचार वेळा तिचाच फोन यायचा. खिशात घालून तो बाहेर न्यायला ते तयार नसत. म्हणायचे, "फोन फिराले लागला की आपण कुठं हावो ते साऱ्याईले समजते."

बियाण्यांच्या एका कंपनीचा शेतकरी मेळावा अजून आठवतो. ते बीटी कापसाचे भरभराटीचे दिवस होते. मांडव, टोप्या, सनई, आणि स्टेजवर एरिया मॅनेजर, ज्यांच्या भाषणात कापसापेक्षा क्रांती जास्त उगवत होती. मांडवाच्या तोंडाशी एक टेबल होतं. तिथं आपला मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा, सोडतीत फवारणीचा पंप मिळणार. लोक रांग लावून नंबर टाकत होते. साहेब पुढं झाले, अगदी आनंदानं दहा आकडे लिहिले आणि चिठ्ठी टाकून माझ्या शेजारी येऊन बसले. मला आश्चर्य वाटलं.

"लिहिला तुम्ही?"

"लिहिला ना."

सोडत निघाली. सूत्रसंचालकानं विजेत्याला सगळ्यांसमोर माईकवरून फोन लावला. रिंग गेली आणि स्टेजवरच एरिया मॅनेजरांच्या खिशात गाणं वाजायला लागलं. त्यांनी घाईनं फोन काढून "हॅलो" म्हटलं. "अभिनंदन," शेजारून सूत्रसंचालक माईकमध्ये म्हणाला, "आपण कुठून बोलताय?" मॅनेजरांचा नंबर मांडवाच्या बॅनरवर हातभर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. पंप कोणाला गेला ते मला माहीत नाही. बाकीच्यांना मात्र दुसऱ्या दिवसापासून टॉनिकवाल्यांचे, कपाशीच्या पातेगळीवर जालीम औषध विकणाऱ्यांचे आणि बिलाशिवाय चोरटं बियाणं घरपोच देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. साहेब महिनाभर गल्लीत चौकशी करत फिरले. "आला का आज फोन? काय म्हने?"

त्यांच्या नंबरची ही पुण्याई ज्या वर्षी संपली ते बोंडअळीचं वर्ष. बीटीला अळी लागत नाही, असं ज्यांनी सांगितलं होतं ते सगळे त्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेले असावेत. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुरं सोडली.

आमच्या भिंतीला भिंत लागून ताराबाई राहायच्या. त्यांचं घर जानेफळचं, शेती तिथंच. वैशालीच्या, म्हणजे मुलीच्या, बारावीसाठी मायलेकी मेहकरात खोली करून होत्या. वैशालीचे वडील फार गरीब स्वभावाचे, शनिवारी डबा आणि दळण घेऊन यायचे आणि न बोलता चहा पिऊन जायचे. घरात चालायचं ते त्यांच्या थोरल्या भावाचं. सात-बारा, बँक, रेशन, शाळेचा दाखला, सगळीकडे नंबर एकच, थोरल्याचा. कापूस गेला तसं थोरल्यानं ठरवलं की यंदा पोरीचं उरकून टाकू. साखरखेर्ड्याच्या एका कृषी केंद्रवाल्याचा मुलगा पाहूनही ठेवला.

वैशालीला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते. फॉर्म ऑनलाईन भरायचा होता आणि फॉर्मला मोबाईल नंबर लागत होता, ज्याच्यावर आधी ओटीपी येणार, मग पुढं यादी, फेरी, कॉलेज, सगळं. घरचा नंबर टाकला तर पहिला मेसेज थोरल्याच्या खिशात वाजणार होता. नवं सिम घ्यायचं तर आधारवर घ्यायचं, आणि कार्डं थोरल्याच्या कपाटात. रेशन दुकानात काम निघालं असं सांगून आधारची झेरॉक्स तेवढी आणता आली होती.

मी माझा नंबर देऊ केला. ताराबाईंनी पदर सावरला आणि खाली बघून म्हणाल्या, "सर, तुमी एकटे मानूस. उद्या कोनी पाह्यलं तं पोरीचं नाव खराब होईन." त्या बरोबर बोलत होत्या. मग त्या खाली साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी जिन्यात थांबलो, कारण आता काय होणार हे मला माहीत होतं.

"दादा, एक मांगू का?"

"मांगा."

"तुमचा नंबर पोरीच्या फारमावर पी.पी. म्हनून लावू का?"

आता पी.पी. म्हणजे काय हे सांगायला हवं. गल्लीत एकाच घरी फोन असायचा तेव्हा बाकीचे लोक आपल्या पत्रिकेवर, कार्डावर, तोच नंबर छापत आणि कंसात पी.पी. लिहीत. फोन शेजाऱ्याचा, माणूस आम्ही. निरोप आला की शेजारी हाक मारायचा. ही दोन अक्षरं ट्रंक कॉलच्या खात्यातलीच, ठराविक माणसालाच बोलवा, बाकी कोणाशी बोलायचं नाही, अशा कॉलला तिथं पी.पी., म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, म्हणत. ताराबाईंना हे कुठलं माहीत असायला. त्यांच्या लग्नपत्रिकेवर होतं म्हणून त्यांना शब्द ठाऊक होता.

बनियनसाठी ज्यांनी नंबर दिला नव्हता, पेन्शनच्या कचेरीत नंबर देत नाही म्हणून ज्यांनी तीन चकरा घातल्या होत्या, ते साहेब म्हणाले, "पी.पी. म्हंजे निरोप तुमचा. मी पाहणार नाही."

"पाहा ना, दादा. त्यात काय हाये."

"नाही पाहणार," ते म्हणाले. "लावा."

फॉर्मची शेवटची तारीख आली तेव्हा वैशाली स्टँडजवळ रफीकभाईंच्या नेट सेंटरवर बसली होती. साईट दिवसभर रखडत होती, संध्याकाळी उघडली. मी सकाळीच सुचवलं होतं की साहेबांचा मोबाईल थोडा वेळ सेंटरवर नेऊ. तो दोरीतून सुटणार नाही, हे उत्तर मिळालं. म्हणून व्यवस्था अशी, की ओटीपी भिंतीवर येणार, ताराबाई तो वाचणार, मी माझ्या फोनवरून रफीकभाईंना सांगणार. त्यातही साहेबांची अट होती, "सर, तुम्ही तिकडं तोंड करा. ज्याचा निरोप त्यानंच पाहाचा." मी कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला.

टुंग वाजलं. ताराबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि न अडखळता वाचलं, "तीन, चार, दोन, शून्य, एक, चार."

मी सांगितलं. पलीकडे रफीकभाईंनी टाकलं. "गलत बता रहा सर. फिर से भेजतो."

पुन्हा टुंग. पुन्हा ताराबाईंनी ठणठणीत वाचलं. त्यातही चार दोनदा आणि एक एकदा आला होता. पुन्हा चूक.

"सर," रफीकभाईंचा आवाज बदलला, "अब एक बार गलत गया तो चोवीस घंटे बंद. और आज बारा बजे फारमच बंद. भाभीला म्हना, आराम से देखो."

फोनवर मागून वैशालीचा रडवेला आवाज आला. "आई चार-चार काय म्हनून राह्यली? तिले विचारा बरं, चार कसा दिसते."

मी विचारलं. ताराबाई गोंधळल्या. "चारासारखा चार. वर एक गाठ, खाली एक गाठ."

मी कॅलेंडरकडे पाहत होतो आणि माझ्या नाकासमोर मराठीतला ४ होता, खाली गाठ मारलेला. इंग्रजीतला 8 त्यांनी आयुष्यभर वाचलाच नव्हता. एसटीची पाटी मराठी, कॅलेंडर मराठी, शाळेची भिंत मराठी. आणि इंग्रजी 9 म्हणजे त्यांचा एक, शेपटीसकट. त्या अगदी बरोबर वाचत होत्या, फक्त दुसऱ्या भाषेत.

"काकू, तो आठ आहे," मी म्हटलं.

"आठ असा कुठं असते?" त्या म्हणाल्या. त्यांना आता तीनही तीन वाटेना.

तिसऱ्यांदा टुंग वाजलं. मी पाठमोराच होतो. मागं चष्म्याच्या काड्या उघडल्याचा आवाज आला.

"बाई," साहेब म्हणाले, "मी पाहू का?"

"म्या कधीची म्हनून राह्यली, दादा. पाहा ना."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मी वळून पाहिलं तेव्हा ते भिंतीपाशी ताठ उभे होते, आणि जो आवाज त्यांनी काढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सावकाश, कोरडा, प्रत्येक आकड्यानंतर तेवढीच जागा सोडणारा. सहा आकडे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "परत सांगा." रफीकभाईंनी परत सांगितले. "बरोबर. टाका."

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "हो गया, काका."

"आता विसरून जा," साहेब म्हणाले आणि फोन मला दिला. त्यांच्या कपाळावर घाम होता. ताराबाई ओट्यावर बसून रडत होत्या. त्या रात्री साहेबांनी मला चहा विचारला नाही. दार लावून घेतलं.

बातमी थोरल्याला लागायची ती लागलीच. रविवारी मोटरसायकल दारात आली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, तो तसाच धरून बसलो.

"ऑपरेटर साहेब, आमच्या पोरीचे निरोप तुमच्या फोनवर येते म्हने."

"येत असतीन."

"काय येते?"

"मी वाचत नाही."

"मंग मले वाचू द्या."

"तुमचे हायेत का?"

"पोरगी आमची हाये ना."

"पोरगी तुमची हाये. निरोप तिचा हाये."

थोरल्याची नजर भिंतीवरच्या खणाकडे गेली. दोन पावलांवर फोन होता, आणि साहेब काही पहिलवान नव्हते. साहेब उठले नाहीत. "घ्या," ते म्हणाले. "पण मी आजवर कोणाचं काही कोणाले दाखवलं का, ते गावात विचारून घ्या आधी. तुमच्या बापाचे फोन मी लावलेले हायेत. तवा कोणी येऊन असंच विचारलं असतं तं मी दाखवाले पाह्यजे होतं का?"

थोरल्याला बापाचे कोणते फोन आठवले ते त्यालाच माहीत. तो बसला आणि म्हणाला, "तुमी आमच्या घरात भांडन लावून राह्यले."

"मी लाईन लावली. भांडण तुमचं तुम्ही करा. चहा घेता का?"

भांडण झालं, महिनाभर चाललं. त्यात कधी नव्हे ते वैशालीचे वडील एक वाक्य बोलले, असं ताराबाई सांगायच्या. कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. साखरखेर्ड्याच्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली. वैशालीला अकोल्याला जागा मिळाली. ती गेली त्या शनिवारी साहेबांच्या दाराच्या कडीला मुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी अडकवलेली होती आणि तिचे वडील कोपऱ्यावरून वळताना दिसले.

तो फॉर्म कुठून कुठं गेला देव जाणे, पण पंधरा दिवसांत भिंत वाजायला लागली. दुसरी कॉलेजं, हमखास नोकरी, केस वाढवायचं तेल, नागपूरचे प्लॉट. सगळ्यांना वैशाली हवी असायची. साहेब प्रत्येक वेळी उठून, उभं राहून फोन घेत आणि "बाहेरगावी हायेत" म्हणून सांगत. हळूहळू त्यांना दुपारची झोप मिळेनाशी झाली. मी म्हटलं, सिम बदलून टाका.

"तिचं हॉलतिकीट येते याच्यावर," ते म्हणाले. "निकालही याच्यावरच येते."

टुंग वाजलं की चष्मा खिशात जाई आणि भिंतीवर थाप पडे. पोरीचे निरोप इथंच येत म्हणून ताराबाईंनी खोली सोडली नव्हती; त्या येऊन वाचत. एव्हाना त्यांना दोन्ही आठ ओळखू यायला लागले होते.

तिचं शिक्षण संपेपर्यंत माझी बदली झाली होती. मी सुट्टीत साहेबांना भेटायला आलो होतो आणि योगायोगानं वैशालीही आली होती. दवाखान्याचा पहिला पगार झालेला, हातात स्वतःचा मोबाईल, स्वतःचं सिम. नर्सिंगच्या नोंदणीवरचा नंबर बदलायला ती आली होती. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी येतो. आला. साहेबांना मोतीबिंदूमुळं आता चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं, तरी सवयीनं त्यांनी चष्मा काढला आणि फोन तिच्यापुढं धरला. तिनं वाचला, टाकला, आणि म्हणाली, "झालं, काका."

"माझा नंबर निघाला तिथून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "हाव. निघाला."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब उठून उभे राहिले. पलीकडची बाई कर्जाबद्दल काही बोलत होती, वैशाली मॅडम आहेत का, असं स्पष्ट ऐकू आलं. वैशाली हातभरावर बसली होती.

"ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही," साहेब म्हणाले आणि फोन खणात ठेवला.

वैशाली म्हणाली, "काका, माझ्या नव्या नंबरावरून मिस कॉल देते. कोनाले तरी सेव्ह करून द्याले सांगा."

"नको."

"काऊन?"

"माझ्याजवळ नको ठेवू. हा फोन आता खराब झाला. याच्यात जे ठेवलं ते कोणी ना कोणी काढून नेते."

ती जराशी दुखावली. "मंग आपुन बोलाचं कसं?"

"तू कर ना फोन," साहेब म्हणाले. "माझा नंबर तं साऱ्या दुनियेजवळ हाये. तुझ्याजवळ असाले काय हरकत हाये?"